एक जानेवारीचा जन्म

दक्षिण सुदानच्या जुबा शहरात जन्मदाखल्याच्या रांगेत लुअलच्या पुढे अगोतबाई खिडकीतल्या कारकुनाशी भांडत होत्या. त्यांच्या मुलाला, मकूरला, परदेशातल्या बास्केटबॉल संघाने वय चोरल्याचा ठपका ठेवून घरी बसवलं होतं. मागे उभ्या लुअलला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आई, खरी तारीख सांगा. एक जानेवारी संघवाल्यांना खोटी वाटते."

"ती मी सांगितलीच नव्हती! मी म्हटलं, नदीला पूर आला आणि तांबडी गाय व्याली, त्या दिवशी पोर झालं. निर्वासितांच्या छावणीतल्या बाबूने लिहिलं एक जानेवारी."

"गाईचा दाखला आहे?"

"जिभेला हाड आहे का रे? छावणीतली हजारो पोरं काय एकाच दिवशी टपकली? तेव्हा साहेबांना ती तारीख चालली. आता माझा मुलगा चार लोकांत चमकला, तर चोर झाला?"

"नियम आहे. मी काय करू?"

"तूही छावणीतलाच ना? तुझी जन्मतारीख सांग."

"माझा काय संबंध?"

"सांग म्हणते ना!"

"...एक जानेवारी."

"मग ऊठ त्या खुर्चीवरून! माझा मकूर मैदानात उतरेपर्यंत तिथे बसायचं नाही."