घर सोडून सगळ्यांनी वाचलं

वैभव : रुमाल काढून टाक, बस. साहेब एवढंच म्हणून राहिले. खून राहू दे म्हणे, घोटाळा राहू दे, रुमाल काढ.

प्रणाली : कोणता रुमाल?

वैभव : तुह्या कादंबरीतला. तो मॅनेजर बसायच्या आधी रुमालानं खुर्ची पुसते म्हणे.

प्रणाली : म्हणे? म्हणजे तुम्ही अजून वाचलंच नाही.

वैभव : आता विषय तो नाही ना.

प्रणाली : माझ्यासाठी तोच आहे. बरं, पाणी प्या आणि पहिल्यापासून सांगा.

वैभव : सकाळी बोरगावले कंपनीच्या गेटवर उतरलो, त गार्डच विचारते, वैभवभाऊ, वहिनीच्या पुस्तकातला चोर म्हणजे आपले हेमराज साहेबच ना? मी म्हणलं, मले नाई माहीत. स्टोअरमध्ये गेलो त तिथी दोघं जण भांडून राहिले. एक म्हणे, ज्यूसच्या कंपनीत कायचा खून होते बे. दुसरा म्हणे, आपल्या इथं होऊ शकते, कँटीनची भाजी पाह्य. मंग जेवणाच्या सुट्टीत साहेबानं बोलावलं. टेबलावर मोबाइल, अन् मोबाइलमध्ये तुह्या पुस्तकाचं पान.

प्रणाली : मोबाइलमध्ये कसं?

वैभव : पूर्ण पुस्तकाचे फोटो काढून कोणीतरी सौंसरच्या वाचक ग्रुपवर टाकले. कव्हरपासून शेवटपर्यंत.

प्रणाली : भैय्याजी. दुसरं कोणी नाही. परवा त्यांच्या कापडाच्या दुकानात गेले, त मला म्हणाले, मॅडम, मी एक प्रत विकत घेतली, आता गावभर वाचायला देतो. मला वाटलं, हातोहात देतील. वरून म्हणाले, चोर त मला पहिल्याच भागात समजला, सफारी घालणारा माणूस सरळ नसते. तुमचे पुंडलिकराव गुरुजी वेगळेच. त्यांनी लाल पेनानं माझे सगळे वेलांटी-उकार दुरुस्त करून प्रत परत आणून दिली. गोष्ट कशी वाटली विचारलं, तर म्हणाले, गोष्ट काय, गोष्ट असतेच. यमुनाआत्यानं आधी शेवट वाचला आणि फोन केला, त्या चांगल्या पोराला काऊन मारलं? मी म्हटलं, आत्या, मारलं नाही, तो नाहीसा होते, पुढं काय झालं ते वाचकानं ठरवायचं. त म्हणते, आम्हीच ठरवायचं त तू कायले लिहिलं?

वैभव : बरोबर आहे ना आत्याचं.

प्रणाली : तुम्ही नका बोलू. शाळा सांभाळून, सातवीच्या वह्या तपासून, तीन वर्षं लिहिलं मी ते. एवढ्या लोकांचं मत ऐकलं. ज्याच्यासोबत रोज जेवते त्याचंच नाही.

वैभव : मले कादंबऱ्या जमत नाई, तुले माहीत आहे. सीधी बात सांगतो, ऐक. साहेबानं विचारलं, वैभव, ही रुमालाची गोष्ट तुझ्या बायकोला कोणी सांगितली? पुस्तकातला मॅनेजर तपासणीच्या नमुन्याच्या बाटल्या बदलते, त्याचं मला काही नाही, मी तसं कधी केलं नाही आणि लोकांनाही ते माहीत आहे. पण खुर्ची अशी पुसणारा माणूस या भागात मी एकटाच आहे.

प्रणाली : मग तुम्ही काय सांगितलं?

वैभव : काय सांगू? मीच त नक्कल करून दाखवली होती तुले. जेवता जेवता. तू किती हासली होती.

प्रणाली : हो. आणि मी ती पुस्तकात टाकली. नक्कल छान होती.

वैभव : मंग त्यानं मले बसायले सांगितलं अन् स्वतः उभाच राहिला. म्हणे, बारावीनंतर पहिल्या नोकरीवर लागलो तेव्हा माझ्याकडं एकच पॅन्ट होती. पांढरी. ऑफिसातले पोरं रोज माझ्या खुर्चीले ग्रीस लावून ठेवत. मी रोज रात्री पॅन्ट धुवायचो अन् सकाळी ओलीच घालायचो. तेव्हापासून हात आपोआप जाते. तुम्ही लोक हासता, हे मला माहीत आहे. पण छापून येईन असं नव्हतं वाटलं.

प्रणाली : असं म्हणाले?

वैभव : असंच. आवाज नाई चढवला. चढवला असता त बरं झालं असतं.

प्रणाली : मग?

वैभव : मंग मी हो म्हणून आलो.

प्रणाली : कशाला हो?

वैभव : दुसऱ्या आवृत्तीत रुमाल नसन. अन् रविवारी पांढुर्ण्याच्या वाचनालयात तुह्या पुस्तकावर चर्चा आहे, तिथी तू आधीच उभी राहून सांगशीन, का या पुस्तकाचा अन् बोरगावच्या कोणत्याच कंपनीचा काही संबंध नाही.

प्रणाली : तुम्ही सांगून आले. मी काय बोलायचं ते.

वैभव : प्रणाली, मी आठ वर्षांपासून ठेक्यावर आहो. परमनंटसाठी माहं नाव त्यालेच पाठवा लागते. तू थोडी समजून घे.

प्रणाली : ते समजते मला. पण पुस्तक न वाचता तुम्ही त्यातलं काय काढायचं ते ठरवून आले. गुरुजींनी निदान लाल पेनानं का होईना, वाचलं तरी. आज रागात मी काही सांगणार नाही. हे घ्या पुस्तक. वाचा. मग बोलू.

वैभव : एवढं जाड?

प्रणाली : तुमच्या साहेबांनी दोनदा वाचलं असेल.

(रविवारी सकाळी, पांढुर्ण्याच्या बसमध्ये.)

वैभव : खिडकीकडं सरक. ऊन येऊन राहिलं इकडं. वाचलं मी.

प्रणाली : माहीत आहे. दोन दिवस मोबाइलला हात नाही लावला तुम्ही.

वैभव : काल साहेबाले भेटलो. म्हणलं, साहेब, मी परवा तिले न विचारता हो म्हणलं, ते माह्या हातात नव्हतं. पुस्तक तिचं आहे. काय ठेवायचं, काय काढायचं, ते ती ठरवन.

प्रणाली : खरंच असं म्हणाले तुम्ही?

वैभव : हाव.

प्रणाली : मग ते काय म्हणाले?

वैभव : रुमाल काढला होता खिशातून, खुर्ची पुसायले. माह्याकडं पाहिलं अन् परत खिशात टाकला. मंग मी निघेपर्यंत उभाच होता. माहं नाव पाठवन का नाई, ते त्यालेच माहीत.

प्रणाली : रुमाल मी काढला.

वैभव : कधी?

प्रणाली : परवाच. प्रकाशकाला सांगून टाकलं. तुम्ही हो म्हणून आले म्हणून नाही, हे लक्षात ठेवा. त्या माणसाकडं एकच पॅन्ट होती, म्हणून. मला चोराला हास्यास्पद करायचं होतं, आणि मी दुसऱ्याच माणसाला केलं.

वैभव : मंग मले सांगायचं ना. मी कायले तिथी जाऊन उभा राहिलो?

प्रणाली : तुम्ही जाऊन काय सांगता ते मला पाहायचं होतं. आणि आज मी तिथं काही आधी उभी राहून सांगणार नाही. कोणी साहेबांचं नाव काढलं, तर तेव्हा सांगीन की पुस्तकातला चोर म्हणजे ते नाहीत.

वैभव : ठीक आहे. आता माहं मत सांगू का? सगळ्यांनी सांगितलं तुले.

प्रणाली : सांगा बाप्पा. चोर कुठं समजला ते नका सांगू फक्त.

वैभव : चोर मले शेवटपर्यंत नाई समजला. मले दुसराच राग आला. तो केतन, नमुने तपासणारा. त्याले कळते का बाटल्या बदलल्या. मॅनेजर त्याले नमुने बरोबर असल्याच्या कागदावर सही कर म्हणते, तो करत नाई. घरी येते. बायको ताट वाढते. तो सगळं सांगते तिले. अन् ती काहीच बोलत नाई. सकाळी तो डबा घेऊन जाते, अन् मंग कोणालेच दिसत नाई. ती बाई पूर्ण पुस्तकात चूप काऊन आहे?

प्रणाली : एवढ्या लोकांनी वाचलं. हे कोणी नाही विचारलं.

वैभव : मी विचारून राहिलो ना.

प्रणाली : तो सांगते सगळं, पण तिला विचारत नाही काही. सांगून होते, हात धुते, झोपते.

वैभव : अन् त्यानं विचारलं असतं त?

प्रणाली : तर आधी म्हणाली असती, जेवून घ्या.

वैभव : अन् मंग?

प्रणाली : मग म्हणाली असती, उद्या जाऊ नका.