स्वस्त कॉम्प्युटर आणि कोंबडीचं तोंड

...आणि वर मलाच विचारतात, "लाई, तू एवढा घामाघूम का?" आता तुम्हाला सांगतो, थंडीचे दिवस, बाहेर तैपेईचा पाऊस पिरपिरतोय, अशात माणसाला घाम फुटतो म्हणजे काहीतरी कारण असेल की नाही? कारण एकच, आमच्या कंपनीचा नवा स्वस्त कॉम्प्युटर. त्यात फ्लॉपीचा ड्राइव्ह ठेवायचा की काढायचा? तीन महिने हेच दळण! बरं, दुसऱ्यांचं काय जातंय, एक भाग कमी. पण माझं कंपनीतलं कामच ते ड्राइव्ह बसवून घ्यायचं. तो गेला की मी कशाला हवा?

आमचे मालक चिउसाहेब देवमाणूस, काहीही विचारा, म्हणतात, "तिला विचार." ती म्हणजे मालकीणबाई. पाटी मालकाच्या नावाची आणि किल्ल्या मालकिणीच्या कमरेला, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. त्या म्हणतात, "काढा, तेवढेच पैसे वाचतील." म्हटलं, बाई, तुमच्या देवळाच्या वर्गणीचं सगळं फ्लॉपीवरच आहे की. तर म्हणतात, "माझ्या मशीनला आहे ना ड्राइव्ह? मग झालं तर." आमचा विक्रीवाला हुंग म्हणतो, "लाईदादा, आता सगळं मेलनं जातं, फ्लॉपी वापरतं कोण?" आणि बाजारातला दुकानदार काय म्हणतो? "वापरत कोणी नाही हो, पण खाच दिसली नाही की गिऱ्हाईक विचारतं, हा कॉम्प्युटर आहे का टीव्ही?" मग तुम्हीच सांगा, ठेवायचा की काढायचा?

शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "वर्षअखेरच्या जेवणात सांगते." झालं! ते जेवण तुम्हाला ठाऊकच आहे... अख्खी कोंबडी येते, आणि तिचं तोंड मालक ज्याच्याकडे करील त्याला नव्या वर्षात नारळ. हल्ली कोणी तसं मानत नाही म्हणतात, पण बघतात सगळे आधी तोंडच. कोंबडी आली, वाढप्यानं ठेवली, तोंड थेट माझ्याकडे. मी म्हटलं, "जरा ते टोफू घेतो हं," आणि सगळे पदार्थ ठेवलेली टेबलावरची फिरती चकती हळूच फिरवली. तोंड हुंगकडे. हुंगला लगेच मासा हवा झाला. तोंड हिशेब बघणाऱ्या ह्सिएबाईंकडे, त्यांना कोबी आठवला... कायम पथ्यावरची बाई, तिसऱ्यांदा कोबी! चकती गरगर फिरतेय, जेवत कोणीच नाही, आणि चिउसाहेब म्हणतायत, "अरे, मला सूप तरी घेऊ द्या."

तेवढ्यात मालकीणबाईंनी जेवायच्या काड्यांनी कोंबडीची मान धरली, मुंडकं मोडलं आणि स्वतःच्या वाडग्यात टाकलं. "मला आवडतं," म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला, डोळ्यांत पाणी आलं हो खरंच. मग ओठ पुसत म्हणतात, "ड्राइव्हचं ठरलं. ठेवायचाही नाही, काढायचाही नाही. वेगळा विकायचा, हवा त्यानं बाहेरून जोडावा. आणि लाई, तुझंही तसंच."

तसंच म्हणजे कसं? म्हणजे पगार बंद, बाजारात स्टुलावर बसून ड्राइव्ह विकायचे, खपतील तेवढं कमिशन, आणि कंपनीला गरज लागलीच तर फोन येईल! बायकोला सांगितलं, तर म्हणते, "काढलं नाही ना? मग जेवा गुमान."

बसलोय आता. गिऱ्हाईक येतं, ड्राइव्ह हातात घेतं, उलटासुलटा करून बघतं आणि मलाच विचारतं, "काका, हा नसला तर अडतं का हो काही?"

काय सांगू? म्हटलं, काही अडत नाही... छान चालतं.