पायस कोण वाढणार?

कार्कळच्या भजनमंदिरात हरिकथा संपली, रामरायाला नैवेद्य झाला आणि आम्ही मंडळी पानावर बसलो. गतिमंदांच्या वसतिगृहातला चाळिशीचा शीनप्पा आज प्रथमच वाढायला आला होता. त्याला सांभाळणाऱ्या वनजक्का शेजारी होत्या. पंगतीचा कारभार दामोदर शेट्टींकडे; सारभात वाढून झाला होता.

“वनजक्का, ह्याला मीठ वाढायला देऊ?”

“शेट्ट्रे, मला कशाला विचारता? तो समोर उभा आहे की.”

“बरं. शीनप्पा, काय वाढतोस?”

“अक्का, तू सांग.”

“मी नाही सांगणार. तुझं तू ठरव.”

“अहो, पंगत खोळंबलीय!”

“हरिदासबुवांनी उत्तररंग एवढा लांबवला, तेव्हा डोलत होतात ना? आता जरा थांबा.”

“अक्का, मी पायस वाढतो.”

“अरे, खिरीची बादली जड आहे. मीठ बरं.”

“मीठ कुणी दुसऱ्यांदा मागत नाही.”

“ऐका ह्याचं! घे बाबा. वनजक्का, तुम्ही मात्र बादली धरा.”

“त्यानं सांगितलं तर धरेन.”

“नको, अक्का. तू बस.”

पहिलं पान माझं. पळी कलली आणि सगळं पायस माझ्या सारभातात गेलं.

“अय्यो! मी सांगतच होतो—”

“शेट्ट्रे, थांबा हो. शीनप्पा, आता रे काय करायचं?”

तो माझ्या पानाकडे बघत राहिला.

“परत वाढायचं. अम्मा, कुठे वाढू? बोट दाखवा.”

मी दाखवलं. शेट्टी धोतर सावरत त्याच्यापाशी वाकले.

“शीनप्पा, बादली धरू का?”

“धरा. पण हलू नका.”