धुके भरपूर, झाडे शून्य

फेव्रोन्या : पोर्फिरी, ओका नदीकाठची बर्चराई तोडली. सगळी.

पोर्फिरी : नाही तोडली. सरक जरा ताई, कॅनव्हासवरचा उजेड अडवतेस.

फेव्रोन्या : ओंडके मोजून आले मी. त्रेचाळीस.

पोर्फिरी : म्हणजे आहेत ना सगळी.

फेव्रोन्या : आडवी आहेत!

पोर्फिरी : दमली असतील. चहाचा समोवार पेटव.

फेव्रोन्या : एप्रिलमधल्या वितळत्या बर्फाच्या चिखलात जंगल खात्याचा नवा साहेब आला, त्याला काय दाखवलंस?

पोर्फिरी : माझं चित्र. घोडा पोटापर्यंत रुतत होता, राईपर्यंत जाणार कसा? जुने साहेबही इथेच बसून चित्रातली झाडं मोजायचे अन् मुरंबा खाऊन जायचे.

फेव्रोन्या : ते तुझं तिशीतलं चित्र! पान न् पान काढलेलं. एका बुंध्यावर मुंगी होती, तीही त्यांनी अहवालात घेतली.

पोर्फिरी : ती काय चित्रकला? शिरगणती होती.

फेव्रोन्या : त्या शिरगणतीवरच तीस वर्षं राई उभी राहिली. चाळिशीत तुला ढग सुचले, तरी खाली बुंधे होते. पन्नाशीत नुसत्या पाण्यातल्या सावल्या. आणि आता?

पोर्फिरी : आता धुकं. झाडं त्याच्यामागे आहेत.

फेव्रोन्या : साहेबाने दोनदा चष्मा पुसला आणि लिहिलं, ‘धुके भरपूर, झाडे शून्य. जागा वीटभट्टीला देण्यास हरकत नाही.’

पोर्फिरी : मॉस्कोचे टीकाकारसुद्धा इतकं निरखून बघत नाहीत.

फेव्रोन्या : अरे, मग जुनं चित्र का नाही काढलंस बाहेर?

पोर्फिरी : हेच ते. त्याच्यावरच धुकं चढवलं.

फेव्रोन्या : मुंगीवरही?

पोर्फिरी : आधी मुंगीवर.

(फेव्रोन्या समोवार पेटवते.)

पोर्फिरी : कोपऱ्यात जरासं धुकं हटवणार होतो, ताई. एकच झाड दिसेल, एवढं. ते नीट बघून यावं म्हणून आज पहाटे गेलो होतो.

फेव्रोन्या : म्हणजे तुला ठाऊक होतं.

पोर्फिरी : कागद घे. तुझं अक्षर बरं आहे.

फेव्रोन्या : सांग.

पोर्फिरी : ‘माननीय जंगल खाते यांस. सदर त्रेचाळीस झाडांनी चित्र पूर्ण होईपर्यंत रोज सकाळी आठ ते दहा आपापल्या जागी उभे राहावे, असा हुकूम काढावा, ही नम्र विनंती. धुक्याची व्यवस्था अर्जदार स्वतः करील.’