हौदातलं घर

हो वं, म्याच उचललं ते घर. लपवाचं काय त्यात? बस इथी ओट्यावर — आवाज बारीक ठेवजो, अंदर म्हातारा निजेल हाय. काडेपेटीएवढं घर, अन् त्याच्यासाठी नमिता मॅडम, तू कॉलेजातून जीप घेऊन आली. आमच्या गावात मानूस हारपला तं इतकी धावपळ होत नाई.

अन् मले सांग, कशाचा नाला होता वं तो? सारं गाव ट्रॅक्टरमंधी भरून वर्ध्याले तुह्या कॉलेजात नेलं, म्हटलं मोठं काई असन. पाह्यतो तं सिमिटाचा हौद, काठानं सिमिटाचीच बारकी बारकी घरं. हा तुमचा नाला, हे तुमचं गाव म्हने. बंधारा उंच केल्यावर पुराचं पानी कुठवर येईन, ते दाखवाचं म्हने. वाळूच्या जागी लाकडाचा भुसा — भुसा वं! आमच्या नाल्यात म्हैस बसली तं अर्धी पाठ कोरडी राह्यते, तुह्या नाल्यात हत्ती बुडन. काऊन, म्हटलं, तं तू काय बोलली? का खोली मुद्दाम जास्त धरली. बराबर मापानं धरली तं पानी पापडावानी पातळ होते, वाह्यतच नाई नीट. म्हंजे लबाडी करून खरं काढता तुमी. शाब्बास.

तान्ह्या पोळ्याले सिंदी गावात पोरं लाकडाचे बैल मिरवतात, घरोघरी बोजारा मागतात — देते मानूस चार पैसे, लेकराचं मन राखाले. पन त्या बैलाले कोनी वखराले जुंपते काय? एवढी अक्कल शेंबड्या पोराले हाय. तुमाले नाई. मंग शिकता काय तथी?

तू नळ सोडला. पानी चढाले लागलं. मारुतीच्या देवळाच्या खालीच थांबलं, शाळेपर्यंत तं गेलंच नाई. सरपंच बाबाराव मान हालवून राह्यला, जसं काई त्यालेच सारं समजून राह्यलं. अन् एकच घर गेलं. तू काडीनं दाखवलं — हे तानाबाईचं. सारं गाव माह्याकडे पाह्याले लागलं. म्या म्हटलं, खेळ हाय. खेळच हाय. पन म्या वाकून त्या घराचं दार हुडकलं, तं दारच नाई! भरीव गोळा सिमिटाचा. खिडकी नाई, अंदर खाट नाई. मंग त्यातला मानूस निघन कुठून? लकव्यानं पडेल म्हातारा नवरा, सेवाग्रामच्या दवाखान्यातून आनला तवापासून एक बाजू हालत नाई — कूस बदलवता बदलवता माह्याच दम निघते. पोरगा मुकेश तिकडे पुन्याले. रातच्याले पानी आलं तं म्या काय त्याले खांद्यावर घेऊ? हाय काय हे तुह्या गनितात?

जाऊ दे. तुले कायले सांगून राह्यली मी.

तं सारे चहाले गेले, अन् म्या घर उचलून ओच्यात टाकलं. काऊन म्हंजे? घरच नाई हौदात, तं पानी बुडवन काय? — हस. हस पोटभर. ते पाह्य, देवापाशी, मुकेशच्या लाकडी बैलाच्या बाजूले ठेवलं. कुंकूबी लावलं. नाई, हात लावू नोको. उद्या तुहे साहेब येऊ दे, नाईतर त्याहिचे साहेब येऊ दे, देत नाई मी.

म्हातारा म्हंते इथीच मरीन. त्याले काय जाते म्हनाले.

...

ऐक. जाता जाता बाबारावले सांगजो, शाळेमागची ते खोली झाडून ठेव म्हना. अन् सकाळी ट्रॅक्टर पाठव म्हना, संगं गडी पाठव म्हना — खाटेसकट उचलाचं हाय त्याले. तो वरडन, शिव्या देईन, तिकडे ध्यान देऊ नोको. अन् तुह्या भुशावर इस्वास ठेवून चालली असं गावभर सांगू नोको. तथी हापशी जवळ हाय, म्हून चालली मी.

घर नाई भेटत. हौदात ते जागा रिकामीच ठेवजो. आमीच नाई राह्यलो तथी, तं बुडवता कोनाले?

जाय आता. फाटक लोटून घेजो, बकरी घुसते.