सगळे ळ दुष्काळात

माझ्या मुलांच्या मासिकाचा पहिलाच अंक एका अक्षरापायी अडकला होता, खरं सांगते. लातूर जिल्हा नवा नवा झालेला, त्यात दुष्काळ. छापखान्यात तेव्हा एकेका अक्षराचा खिळा हातानं जुळवायचे. कंपोझिटर जब्बारभाई म्हणाले, "बाई, ळ खलास. सगळे ळ साप्ताहिकवाल्यांच्या दुष्काळात गेले."

माझ्या कवितेत तर शाळाच शाळा, आणि अंक सकाळी रेणापूरला पोचवायचा होता.

साप्ताहिकाचे संपादक तिथंच प्रुफं वाचत बसले होते. म्हणाले, "विद्यालय लिहा की."

"पहिलीचं लेकरू विद्यालय म्हणतंय व्हय? शाळाच छापणार मी. तुमचे वाचणारे मोठे हायेत, तुम्ही दुष्काळाला अवर्षण म्हणा. ळ मिळाल्याबिगर मी इथून उठत न्हाई."

बसलेच मी स्टुलावर. शेवटी संपादकांनी प्रुफं पुढं सरकवली, म्हणाले, "जब्बारभाई, अवर्षण करा."

दोन्ही अंक निघाले. सकाळी चौकात पानवाला साप्ताहिक वाचून गिऱ्हाइकाला सांगत होता, "दुष्काळ गेला म्हणं. आता हे अवर्षण काय आलंय, बघावं लागंल."