सासूबाईंनी परत केलेला फॉर्म

अगं बायांनो, माझ्या सासूबाईंना तुम्ही साध्या समजता ना? मग ऐका. मला सहावा महिना चालू होता आणि आमच्या जळगावच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं. एचआरच्या साहेबांनी मला दोनदा बोलावून स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म पुढे केला. मी म्हटलं, "माझी इच्छा नाही. मला बाळंतपणाची रजा हवी." तर म्हणे, "परत विचार करा." म्हणजे स्वेच्छा माझी, पण ठरवणार हे!

तिसऱ्या वेळी सासूबाई असोद्याहून सोबत आल्या. साहेब त्यांनाच समजवायला लागले, "अक्का, रजा काय, सहा महिन्यांत संपेल. त्यापेक्षा एकरकमी पैसे घेऊन हिला घरी आराम करू द्या."

"आराम? मी चाळीस वर्सं घरीच हाये, मले तं एक दिवस भेटला नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू कुठला रे भाऊ?"

"फैजपूरचा. घरची केळीची बाग आहे."

"मंग केळ निसवली, घड बाहेर पडाले लागला, की तुम्ही तिचं पानी तोडता का?"

साहेबांनी मान खाली घालून रजेचा अर्ज काढला आणि मी लगेच सही ठोकली. सासूबाईंनी टेबलावरचा तो स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म उचलला, साहेबांच्याच पुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"हा तू भर. घरच्या आरामाची हौस तुलेच लई दिसते."